स्कॉटलंडच्या नाचघरातून लंडनच्या चर्चमध्ये आलेला ऑर्गन

प्रश्न असा आहे: ख्रिस्तोफर नोलन यांच्या २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात जो ऑर्गन ऐकू येतो तो लंडनच्या टेम्पल चर्चमधला. पण मुळात तो चर्चसाठी बांधलेलाच नव्हता, स्कॉटलंडमधल्या एका उमरावाच्या घरी होता, असं वाचलं. एवढं अवाढव्य वाद्य खोलून दुसरीकडे उभं केलं तर त्याचा आवाज तोच राहतो का? की ‘इंग्लिश ऑर्गनचा आवाज’ म्हणून आपण जे ऐकतो तो खरं तर दगडी इमारतीचाच आवाज असतो?

वाचलंत ते खरं आहे. इंग्लंडमध्ये पाइप ऑर्गन जुळवणं आणि पाइपांचं व्हॉइसिंग करणं, म्हणजे एकेका पाइपचा आवाज घडवणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम, आणि एका इमारतीतून दुसरीत गेलेली वाद्यं या धंद्यात पदोपदी भेटतात. एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली कितीतरी इंग्लिश चर्च आता बंद पडली आहेत. त्यांचे ऑर्गन कधी शेजारच्या गावी, कधी नेदरलँड्स-जर्मनीला जातात, आणि गिऱ्हाईक मिळालं नाही तर भंगारात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. एकेका पाइपचा रंग त्याच्याबरोबर प्रवास करतो. खर्ज आणि तार यांचा तोल, आवाजाचा भरघोसपणा, लांबून ऐकताना जाणवणारा एकजीवपणा हे मात्र जुन्या खोलीचं देणं असतं आणि ते तिथेच राहतं. म्हणून हलवलेले बहुतेक ऑर्गन नव्या जागी परके वाटतात. टेम्पल चर्चचा ऑर्गन मात्र हलवल्यामुळे फुलला, असं माझं मत आहे. तो का फुलला हे सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

मराठी घरात ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. पायाने भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं, आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे सूर भरून ठेवायचा. ते वाद्य पेटीच्या कुळातलं. हवा पितळी जिभलीवरून जाते, जिभली थरथरते, सूर निघतो. पेटीत हवा बाहेर ढकलली जाते, नाटकातल्या ऑर्गनमध्ये आत ओढली जाते. पाइप ऑर्गनमधले बहुसंख्य पाइप बासरीच्या कुळातले असतात, त्यांत हलणारा भाग एकही नसतो. पायातून हवा येते, तोंडाच्या चिरेतून तिचा पातळ पडदा निघून वरच्या ओठावर आदळतो, आत-बाहेर झुलतो, आणि पाइपमधला हवेचा स्तंभ गाऊ लागतो. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. आठ फुटी उघडा पाइप सेकंदाला सुमारे ६५ कंपनं देतो, सोळा फुटी ३३ आणि बत्तीस फुटी १६ च्या आसपास. त्याच्या खाली कानाला सूर म्हणून काही कळत नाही, फक्त बाकावर बसलेल्या माणसाला हादरा कळतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्यूबा अशा नावांच्या पाइपांत जिभली असते. ती एका पितळी पन्हळीवर आपटत राहते आणि वरचा नळा तिच्या आवाजाला आकार देतो.

स्टॉप म्हणजे एकाच रंगाच्या आवाजाच्या पाइपांचा संच, वादक खुंटी ओढून तो चालू करतो. एका स्टॉपमध्ये प्रत्येक पट्टीला निदान एक पाइप, म्हणजे साधारण ६१. असे साठ-सत्तर स्टॉप धरले की पाइपांची संख्या हजारांत जाते. आणि या हजारांतल्या प्रत्येकाला कारखान्यात कुणीतरी हाताने बोलतं केलेलं असतं. यालाच आम्ही व्हॉइसिंग म्हणतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर हलकासा हात फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा हात फिरवतो, तसंच हे काम. ओठ किती उंच कापायचा, पायाचं भोक किती मोठं ठेवायचं, चिरेच्या कडेवर खाचा पाडायच्या का आणि किती, हवेचा दाब किती इंचांचा. (दाब आम्ही पाण्याच्या इंचांत मोजतो, काचेच्या वाकड्या नळीत पाणी किती वर चढलं त्यावरून.) या सगळ्यांतून आवाज घडतो. यातलं पायाचं भोक पुन्हा लहान-मोठं करता येतं. ओठ एकदा उंच कापला की कापला. म्हणून ओठाला सुरी लावणाऱ्या माणसाकडे मी थोड्या संशयानेच बघतो.

आता ग्लेन टॅनर. अ‍ॅबर्डीनशायरमध्ये, डी नदीच्या खोऱ्यातली ही इस्टेट. मालक लॉर्ड ग्लेनटॅनर, म्हणजे टॉमस कोट्स. पेझ्ली गावच्या ज्या कोट्स घराण्याच्या दोऱ्याची रिळं आपल्याकडच्या शिंप्यांच्या मशीनवर पिढ्यानपिढ्या फिरली त्याच घराण्यातला हा माणूस. पैसा अमाप आणि संगीताचं वेड. १९२० च्या दशकात त्याने आपल्या नाचघरासाठी डरॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन कंपनीकडून चार कीबोर्डांचा ऑर्गन बांधून घेतला आणि उद्घाटनाच्या वादनासाठी पॅरिसहून मार्सेल द्युप्रे यांना बोलावलं. त्या काळात ऑर्गनवादनात द्युप्रे यांच्याइतकं मोठं नाव क्वचितच दुसरं असेल.

नाचघर कसं होतं हे इथे महत्त्वाचं. लांब, बुटकं, लाकडी छताचं, आणि त्या छतावर हरणांची शेकडो शिंगं टांगलेली. अशा खोलीत सूर थांबला की थांबला, मागे काही उरत नाही. घुमारा जवळजवळ शून्य. वर लाकडाच्या पातळ फळ्या खर्जाबरोबर स्वतःच हलतात आणि त्याची ताकद गिळून टाकतात. दिवाणखान्यात मोठा स्पीकर आणूनही ‘बास’ का भरत नाही, याचं एक कारण तेच. म्हणजे हॅरिसनच्या माणसांपुढे अडचण अशी होती की खोली काहीच मदत करणार नाही. जो गोडवा, जी सलगता, जो भरीवपणा हवा तो सगळा पाइपांच्या पोटातूनच काढावा लागणार.

आणि हे काम त्या वेळच्या इंग्लंडमध्ये ज्याला सर्वांत चांगलं जमलं असतं त्याच माणसाकडे ते गेलं. कंपनीचा प्रमुख आर्थर हॅरिसन, मृत्यू १९३६. डरॅम आणि इलीची कॅथीड्रल, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, या सगळ्या ठिकाणचे ऑर्गन आज जसे वाजतात त्यात त्याचा हात आहे. त्याच्या आवाजाची ओळख सांगायची तर पहिली गोष्ट म्हणजे त्यात धसमुसळेपणा नाही. पाइप बोलू लागताना जो बारीक ‘छ्’ असा फुत्कार येतो तो त्याने खाचा पाडून जवळजवळ पुसून टाकलेला असतो. मोठ्या डायपेसन स्टॉपच्या, म्हणजे ऑर्गनचा मूळ, पायाभूत आवाज देणाऱ्या पाइपांच्या, वरच्या ओठावर अनेकदा चामड्याची पट्टी चिकटवलेली असते. त्यामुळे आवाजाची धार जाते आणि रुंद, गोल, थोडासा जड सूर येतो. ग्रेट या ऑर्गनच्या मुख्य विभागातले जिभलीचे पाइप, ज्यांना तो ट्रॉम्बा म्हणे, जास्त दाबावर चालतात आणि जिभल्यांना असा बाक दिलेला असतो की त्या चरचरत नाहीत. आवाज मोठा पण झाकलेला. काहींना तो बंद दाराआडून आल्यासारखा वाटतो आणि आवडत नाही. मला आवडतो, पण एकटा ऐकायला नव्हे.

ट्रॉम्बा आणि डायपेसन एकत्र नांदत नाहीत, एक दुसऱ्याला बुडवतो. यावर आर्थर हॅरिसनचा तोडगा म्हणजे ‘हार्मोनिक्स’ नावाचा मिश्रण-स्टॉप. एक पट्टी दाबली की त्यात चार बारीक पाइप एकदम वाजतात, मूळ सुराच्या वरच्या उपस्वरांवर जुळवलेले. त्यांतला एक सातव्या उपस्वराचा. हा सूर आपल्याकडे जाणकारांनी ऐकलेला असतो: चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाची तार शांतपणे छेडली की कोमल निषादाच्या जरा खाली एक सूर तरळतो, तोच. एकटा ‘हार्मोनिक्स’ ओढून वाजवला तर कानाला विचित्र, जवळजवळ बेसूर लागतो. ट्रॉम्बाबरोबर ओढला की दोन्ही बाजू सांधल्या जातात, कारण जिभलीच्या आवाजात हे उपस्वर आधीपासूनच असतात आणि मिश्रण त्यांनाच उजाळा देतं.

याशिवाय ऑर्केस्ट्राची नक्कल करणारे स्टॉप. बारीक व्हायोलिनसारखे, ओबोसारखे, क्लॅरिनेटसारखे. हे जाड लाकडी पेट्यांत बंद असतात आणि पेटीच्या झडपा पायाने उघडमिट केल्या की आवाज चढतो-उतरतो. १९२० च्या दशकात घरबसल्या मोठा वाद्यवृंद ऐकायची सोय फारशी नव्हती. वाग्नरचं संगीत ऑर्गनवर वाजवून ऐकवणं ही तेव्हा हौस होती तशी गरजही होती. घरातल्या ऑर्गनला तर हे स्टॉप हवेतच.

आता लंडन. टेम्पल चर्च ही इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या बॅरिस्टरांच्या दोन संस्थांची वास्तू. गांधीजी बॅरिस्टर झाले ते यांतल्याच इनर टेम्पलमधून. गोल भाग ११८५ चा, जेरुसलेमचे धर्माध्यक्ष हेराक्लियस यांच्या हस्ते अर्पण झालेला. पूर्वेचा लांबट भाग १२४० चा, उंच, तिन्ही ओळींचं छत एकाच उंचीचं, बारीक संगमरवरी खांबांचं. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात छत जळालं, खांब तडकले आणि ऑर्गन खाक झाला.

त्या जळालेल्या ऑर्गनच्या मुळाशीही एक स्थलांतर आहे, आणि गोष्ट इतकी मजेशीर आहे की वगळवत नाही. १६८० च्या दशकात दोन्ही संस्थांचं एका कारागिरावर एकमत होईना, म्हणून बर्नार्ड स्मिथ आणि रेनेटस हॅरिस या दोघांनी एकाच चर्चमध्ये आपापला ऑर्गन उभा केला आणि वर्षानुवर्षं स्पर्धा चालली. शेवटी निकाल दिला तो कुख्यात न्यायाधीश जेफ्रीज यांनी, स्मिथच्या बाजूने. स्मिथच्या कीबोर्डवर काही काळ्या पट्ट्या दुभंगलेल्या होत्या, म्हणजे जी शार्प आणि ए फ्लॅट यांना वेगवेगळे पाइप. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतींची पेटी घडवण्याचा जो खटाटोप केला, त्याच दुखण्यावरचं हे दोनशे वर्षं आधीचं औषध. हरलेल्या हॅरिसचा ऑर्गन मोडून त्याचे भाग लंडनमधल्या होबर्नच्या सेंट अँड्र्यू चर्चला आणि डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलला गेले, असं परंपरेने सांगतात.

युद्धानंतर चर्च पुन्हा बांधलं जात असताना लॉर्ड ग्लेनटॅनरने आपला ऑर्गन देऊ केला, आणि १९५४ मध्ये तो हॅरिसन अँड हॅरिसन यांनीच इथे बसवला. ही शेवटची गोष्ट फार मोलाची. बांधणाऱ्यांनीच हलवला की प्रत्येक पाइपवरची खूण, प्रत्येक दाब, प्रत्येक जिभलीचा बाक कशासाठी हे माहीत असतं. त्या वेळचे ऑर्गनवादक जॉर्ज थॅल्बेन-बॉल १९२० च्या दशकापासून १९८१ पर्यंत याच चर्चमध्ये होते. जुन्याचा आणि नव्याचा आवाज एकाच माणसाच्या कानात होता, हे भाग्य फार थोड्या चर्चच्या वाट्याला येतं.

मग झालं काय? ज्या पाइपांना कोरड्या खोलीत स्वतःच्या बळावर उभं राहायला शिकवलं होतं, त्यांना दगडाचा आधार मिळाला. माझं म्हणणं असं की हलवण्याच्या बाबतीत दिशा फार महत्त्वाची असते. कोरड्या खोलीसाठी घडवलेला ऑर्गन घुमणाऱ्या इमारतीत गेला तर त्याला वरून काही मिळतं. खाचा पाडून फुत्कार आधीच पुसलेला असतो, त्यामुळे घुमाऱ्यात हरवण्यासारखं त्यात थोडंच असतं. खर्ज मुद्दाम भरदार ठेवलेला असतो, कारण जुनी खोली तो खात होती. दगड तो खात नाही, परत देतो. टेम्पल चर्चमध्ये पेडलचे, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांचे, सूर वाजतात तेव्हा जो पाया जाणवतो त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. मधल्या सप्तकांचा एकजीवपणाही असाच. जो नाचघरात व्हॉइसरने हाताने आणला होता, तो इथे इमारत पुन्हा एकदा आणते.

उलट दिशेचं उदाहरण नाव न घेता सांगतो. मोठ्या, घुमणाऱ्या व्हिक्टोरियन चर्चमधला ऑर्गन एका नव्या, गालिचे अंथरलेल्या, बुटक्या सभागृहात बसवलेला मी जुळवायला जातो. पाइप उत्तम, बसवणाऱ्याचं कामही चोख. पण जुन्या जागी पंचवीस मीटरवरून ऐकताना जी मिश्रणं चांदीसारखी झळकायची ती इथे कानात टोचतात, आणि मूळ चर्चमध्ये जिच्यामुळे सूर ‘उच्चारला’ जायचा ती फुत्काराची कड आता प्रत्येक पट्टीला खोकल्यासारखी ऐकू येते. खर्ज तर नाहीसाच झाला आहे. तिथल्या मंडळींना वाटतं जुळणी चुकली आहे. जुळणी ठीक आहे. सभागृहात जे नाही ते कुठल्याही जुळणीने येणार नाही.

दोन जुनी उदाहरणं ताडून पाहण्यासारखी आहेत. लीड्सजवळ आर्मलीच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चमधला ऑर्गन हा जर्मन कारागीर एडमंड शुल्त्झे याने १८६० च्या दशकात मीनवुड टॉवर्स नावाच्या बंगल्यासाठी बांधला होता. तिथे त्याच्यासाठी बागेत वेगळं लाकडी सभागृहच उभारलं होतं. तिथून तो हॅरोगेटला, आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस आर्मलीला. म्हणजे हाही लाकडातून दगडात आलेला. शुल्त्झेची रीत हॅरिसनच्या नेमकी उलट: हवेचा दाब कमी, पण पाइप रुंद, तोंडं मोठी आणि पायांची भोकं सताड उघडी, जेवढी हवा मागेल तेवढी घेऊ द्यायची. त्यामुळे डायपेसनचा आवाज झाकलेला नाही, खुला आणि झळाळता, आणि तरीही कर्कश नाही. इंग्लंडमधल्या कितीतरी कारागिरांनी या आवाजाची नक्कल करायचा प्रयत्न केला आणि बहुतेकांच्या हाती नुसता गोंगाट लागला. इमारत सारखी असून दोन ऑर्गन किती वेगळे बोलू शकतात हे ऐकायचं तर एका आठवड्यात टेम्पल आणि आर्मली दोन्ही ऐकावेत. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर तिथे मिळतं: दगड दोन्हीकडे आहे, तरी एकाला दुसरा समजण्याची शक्यताच नाही.

दुसरं उदाहरण विंचेस्टर कॅथीड्रलचं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, हाइड पार्कमधल्या त्या काचेच्या महालात, तरुण हेन्री विलिसने सत्तर स्टॉपांचा ऑर्गन मांडला होता. विंचेस्टरचे ऑर्गनवादक सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली यांच्या आग्रहाने कॅथीड्रलने तो घेतला आणि १८५४ मध्ये बराच लहान करून बसवला. आवाज भव्य आहेच. पण कॅथीड्रल इतकं लांब आहे की गायकमंडळाजवळून निघालेला सूर पश्चिमेकडच्या भाविकांपर्यंत धूसर होऊन पोचतो, आणि १९८० च्या दशकात त्या बाजूसाठी वेगळा विभाग जोडावा लागला. घुमारा असला म्हणजे सगळं झालं असं नाही. ऑर्गन इमारतीत नेमका कुठे उभा आहे, त्याच्यापुढे कमान आहे की मोकळी जागा, यावरही तेवढंच ठरतं. टेम्पल चर्चमध्ये तो उत्तरेच्या भिंतीला काढलेल्या व्हिक्टोरियन खोलीत आहे. पाइप अशा खोलीत असले की तार सूर कमानीपाशी थोडे अडतात आणि खर्ज वळून बाहेर येतो. हॅरिसनच्या आवाजाला हे मानवतं. शुल्त्झेचा ऑर्गन त्या खोलीत कोंडला असता तर मला वाईट वाटलं असतं.

हलवण्याच्या प्रत्यक्ष कामाबद्दल थोडंच सांगतो. शिसं-कथलाचे मोठे पाइप मऊ असतात, आडवे ठेवले की स्वतःच्या वजनाने चेपतात. विंडचेस्ट, म्हणजे पाइप जिच्यावर उभे असतात ती हवेची लाकडी पेटी, कोरड्या, गरम केलेल्या इमारतीत गेली की तडकते, आणि मग एका पट्टीची हवा शेजारच्या पाइपात शिरून सूर आपोआप रेंगाळतात. हवेच्या नळ्यांची लांबी बदलली की हवा थरथरते. म्हणून शहाणा माणूस बसवल्यावर पहिलं वर्षभर ओठांना हात लावत नाही. उन्हाळा-हिवाळा होऊ देतो, लाकूड बसू देतो, फक्त पायाच्या भोकांवर आणि जुळणीवर काम करतो.

हवामानाचा परिणाम भारतीय कानाला लगेच कळेल अशा मापात सांगतो. हवा एक अंश सेल्सियस तापली की बासरीसारख्या पाइपांचा सूर सुमारे ३ सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). सात अंश तापली की २१ सेंट, म्हणजे जवळजवळ एक प्रमाणश्रुती. जिभलीचे पाइप मात्र एवढे चढत नाहीत. त्यामुळे जानेवारीत जुळवलेल्या ऑर्गनमधले ट्रॉम्बा आणि डायपेसन जुलैत एकमेकांशी भांडतात. वादकाला वाटतं जिभल्या उतरल्या. उतरलेलं काही नसतं, बाकीचे हजार पाइप चढलेले असतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या चर्चमधले इंग्लंडहून आणलेले पाइप ऑर्गन या बाबतीत जास्तच सोसतात. तिथे उष्णतेपेक्षा पावसाळ्यातला दमटपणा मोठा शत्रू. लाकूड फुगतं, चामडं सडतं, सरस सुटतो. समुद्रापार पाठवायच्या वाद्यांत इंग्लिश कारागीर म्हणूनच सागवान वापरत आणि सरसावर विसंबून न राहता सांधे स्क्रूने आवळत.

हलवण्याइतकाच धोका फॅशनचा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत इंग्लंडमध्ये जुन्या बरोक ऑर्गनची लाट आली. आर्थर हॅरिसनचा आवाज जाडाभरडा, मेणचट म्हणून नाकारला गेला. कितीतरी ठिकाणी ‘हार्मोनिक्स’ काढून चकचकीत मिश्रणं बसवली गेली, ओठांवरची चामडी सोलली गेली. आज त्यांतली काही वाद्यं पुन्हा मूळ वळणावर आणण्यासाठी पैसे खर्च होत आहेत. जागा बदलून आवाजाचं जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा जास्त नुकसान, ऑर्गन जागचा न हलता, अशा सुधारणांनी झालेलं मी पाहिलं आहे. टेम्पल चर्चचा ऑर्गन २०११ ते २०१३ मध्ये पूर्ण खोलून हॅरिसन अँड हॅरिसन यांच्याच हातून नीट करून घेतला गेला, आणि आज त्यात १९२० च्या दशकातला हॅरिसन स्पष्ट ऐकू येतो.

चित्रपटाबद्दल एवढंच. संगीतकार हान्स झिमर यांनी हे संगीत टेम्पल चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलं तेव्हा वादक होते तिथलेच रॉजर सेयर. त्यात दोन टोकं ऐकण्यासारखी आहेत: एक, अगदी हळू वाजणारे बासरी आणि व्हायोलिनच्या जातीचे सूर, ज्यांत पाइपचा श्वास ऐकू येतो, आणि दुसरं, सगळे स्टॉप ओढल्यावर येणारी भिंत. पहिलं टोक मला जास्त मोलाचं वाटतं. इतकं हळू आणि इतकं सलग बोलणारे पाइप घरातल्या माणसांसाठी घडवलेले होते, हे त्यात जाणवतं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत तर मात्र खालची सप्तकं गेलीच म्हणून समजा.

शक्य झालं तर प्रत्यक्ष जाऊन ऐका. टेम्पल चर्चमध्ये बुधवारी दुपारच्या सुट्टीत छोटी वादनं होत आली आहेत. निघण्यापूर्वी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून घ्या. अर्धा वेळ गोल भागात बसा, मग पूर्वेकडे, ऑर्गनच्या कमानीच्या समोर या. गोल भागात सगळे स्टॉप वितळून एकच आवाज येतो. कमानीसमोर प्रत्येक विभाग सुटा ऐकू येतो, पेटीच्या झडपा उघडतानाचा चढ कळतो. वादन संपल्यावर वादकाला गाठून विनंती करा की एकच आठ फुटी डायपेसन ओढून मधल्या सप्तकात सावकाश सात सूर वाजवा. बहुतेक वादक आनंदाने वाजवतात. मग तोच सूर ‘हार्मोनिक्स’सह, मग ट्रॉम्बासह. सूर सुरू होताना ऐका, तो पाइपचा. पट्टी सोडल्यावर जे उरतं तेही ऐका, ते इमारतीचं.